बॉटनी की पुरातत्त्व? असा मधला विषय उभा कसा राहतो?

प्रश्न : यंदा बीएस्सी (बॉटनी) झाले. उत्खननात सापडणाऱ्या जुन्या धान्यावर काम करायचंय. बॉटनीचे सर म्हणतात, हा इतिहासवाल्यांचा प्रांत. इतिहासाच्या मॅडम म्हणतात, हे तुमचं सायन्स. असे विषय मुळात तयार होतात कसे? आणि त्यात शिरणाऱ्याला नोकरी कोण देतं?

उत्तर १ : नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) कशात देणार ते आधी ठरव. नाहीतर ना घर का ना घाट का.

उत्तर २ : नेटचं खरं आहे, पण पोरीला घाबरवू नका. मी उत्खननावर माती चाळण्यात उमेदीची वर्षं घालवलीत, म्हणून सांगतो.

शिरूर तालुक्यातलं इनामगाव घे. घोड नदीकाठची ताम्रपाषाणयुगीन वस्ती; डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 तिथे खोदकाम केलं. खापरांवरून काळाचा क्रम लागतो, पण लोक खात काय होते, शेवटी गाव का उठलं, हे खापर सांगत नाही. मग भूशास्त्राचे राजगुरू नदीचे थर वाचायला, जुन्या वनस्पतींचे अभ्यासक काजळे जळक्या दाण्यांना भिडले, बाकीचे हाडांना. जव, गहू, मसूर, कुळीथ अशी यादी हाती आली, तेव्हा कुठे पुरातत्त्वज्ञ ढवळीकर पाऊसमान घटल्याचा मुद्दा मांडू शकले. तो सगळ्यांना पटला असं नाही, पण भांडायला तरी पुरावा आला.

माझ्या मते खरी मेख पगारात आहे. भूशास्त्रवाला पाहुणा म्हणून आला, तर अहवालाच्या शेवटी परिशिष्ट लिहून जातो. तो त्याच विभागात नोकरीला असला, की खड्डा कुठे घ्यायचा यातही बोलतो, विद्यार्थी घडवतो. विषय तिथून धरतो. नाव, जर्नल वगैरे मागून.

जाहिरातीत मात्र अजून ‘संबंधित विषयातील पदवी’ मागतात. आमच्या ओळखीतल्या एका हुशार मुलाचा अर्ज त्यावरच बाद झाला. तेव्हा पुरातत्त्वात एमए कर, नेटही त्यातच दे, बॉटनी हातातली कला म्हणून ठेव.

प्रश्नकर्ती : काका, आत्तापासून घरी काय करू शकते?

उत्तर २ : कुळीथ, मसूर, जव आण. थोडे दाणे वाळूत पुरून तव्यावर काळे होईस्तो भाज. राख होऊ देऊ नकोस. आधीची-नंतरची लांबी-रुंदी मापून डब्यांवर लिही. जळल्यावर दाणा फुगतो, आकार बदलतो. ताजं बी बघून ओळखायला गेलीस तर फसशील. आणि खिडक्या उघड्या ठेव, आई ओरडेल.