मदत हवी आहे: पोरीला पिवळा रंग सोसत नाही, औषधातही तोच
मुलगी सहा वर्षांची. रंगीत पोंगे किंवा आठवडी बाजारातली जिलेबी खाल्ली की तासाभरात मानेवर, पोटावर पित्ताच्या लाल गांधी उठतात. घरची बिनरंगाची जिलेबी मात्र चालते. पोंग्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत 102 आणि 110 आहे, म्हणजे टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. आपल्याकडे मर्यादेत चालतात. युरोपात 2010 पासून अशा पाकिटावर मुलांसाठी इशारा छापावाच लागतो.

खाजेसाठी मिळालेल्या सिरपच्या बाटलीवरही ‘कलर: सनसेट यलो’! आता ते द्यायचं तरी कसं?

दम लागत नाही, ओठ सुजत नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांकडे यवतमाळला महिनाअखेर जाणार आहोत. तोवर तालुक्याच्या मेडिकलमध्ये बिनरंगाचं सिरप काय म्हणून मागायचं? आणि सुट्या मिठाईतला रंग ओळखायची खात्रीची रीत आहे का?