जागतिक झायोनिस्ट काँग्रेस: इस्रायलबाहेरील ज्यूंच्या मताला वजन किती?

प्रश्न
अमेरिकेतील ज्यू मतदारांनी २०२५ मध्ये जागतिक झायोनिस्ट काँग्रेससाठी (ज्यूंचे स्वतःचे राज्य असावे, असे मानणाऱ्या झायोनिस्ट चळवळीची जागतिक सभा) प्रतिनिधी निवडले, असे वाचनात आले. ज्यांना क्नेसेटसाठी, म्हणजे इस्रायलच्या संसदेसाठी, मतदान करता येत नाही, त्यांनी निवडून दिलेल्या या सभेच्या हाती प्रत्यक्षात काय असते? ती केवळ परंपरा म्हणून भरत असेल, तर तिच्यासाठी एवढा चुरशीचा प्रचार का व्हावा? शिवाय मतदार होण्याच्या अटी कोणत्या, हेही कोणी सांगावे.

प्रतिसाद १
झायोनिस्ट चळवळीचे संस्थापक थिओडोर हर्झल यांनी १८९७ मध्ये बासेल येथे पहिली काँग्रेस भरवली, तेव्हा ज्यूंचे राज्यच नव्हते. राज्य स्थापन झाल्यावर सभेचे काम संपले, असा समज होणे स्वाभाविक आहे, मात्र पैसा आणि जमीन यांवरील तिचा ताबा सुटलेला नाही. ज्यूंच्या इस्रायलमधील स्थलांतराला मदत करणाऱ्या ज्युईश एजन्सी या संस्थेच्या नियामक मंडळातील निम्म्या जागा जागतिक झायोनिस्ट संघटनेकडे असतात, आणि काँग्रेस ही याच संघटनेची सर्वोच्च सभा आहे. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या आणि इस्रायलमधील सुमारे १३ टक्के जमिनीची मालकी असलेल्या केरेन कायेमेत या निधीच्या संचालक मंडळावर कोण बसणार, हेही काँग्रेसमधील बलाबलावर आणि त्यानंतर होणाऱ्या वाटाघाटींवर ठरते. प्रचाराची चुरस आहे ती याचसाठी.

प्रतिसाद २
अटींविषयी. मतदार अठरा वर्षे पूर्ण झालेला, अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी असलेला ज्यू असावा लागतो, आणि त्याने क्नेसेटच्या मागील निवडणुकीत मत दिलेले नसावे लागते. संकेतस्थळावर नोंदणी करताना त्याला ‘जेरुसलेम कार्यक्रम’ मान्य असल्याचे नमूद करावे लागते. ज्यू लोकांची एकता, इस्रायलच्या भूमीशी असलेले नाते आणि ज्यू, झायोनिस्ट व लोकशाही राज्य म्हणून इस्रायलचे बळकटीकरण ही त्यातील प्रमुख सूत्रे होत. २०२५ मध्ये पाच डॉलर शुल्क होते. ते भरल्यावर मत द्यायचे ते व्यक्तीला नव्हे, तर एखाद्या गटाने उभ्या केलेल्या उमेदवारांच्या यादीला, आणि जागांची वाटणी मतांच्या प्रमाणात होते. पूर्वी सदस्यत्वाची वर्गणी ‘शेकेल’ या नावाने घेतली जाई आणि ती भरणाऱ्यालाच मताचा हक्क मिळे. आजचे शुल्क हा त्याच प्रथेचा वारसा आहे.

प्रतिसाद ३
वरील माहिती योग्य आहे, परंतु प्रातिनिधिकतेचा प्रश्न बाजूला ठेवता येणार नाही. साधारण ३८ टक्के जागा इस्रायलच्या, २९ टक्के अमेरिकेच्या आणि उरलेल्या ३३ टक्के अन्य देशांच्या. इस्रायलच्या जागांसाठी वेगळे मतदान होतच नाही. त्या क्नेसेटमधील पक्षबळानुसार वाटल्या जातात. अनेक देशांत संघटना आपापसांत समझोता करून यादी ठरवतात, म्हणजे सामान्य माणसाला मतपेटी दिसतच नाही. अमेरिकेत २०२० मध्ये सुमारे १ लाख २३ हजार आणि २०२५ मध्ये २ लाखांहून अधिक मते पडली. वाढ मोठी आहे, हे मान्यच. पण तेथील प्रौढ ज्यूंची संख्या प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२० च्या पाहणीनुसार सुमारे ५८ लाख आहे. त्यातच ज्यांना झायोनिझमच मान्य नाही, ते कार्यक्रमाच्या अटीमुळे आपोआप बाहेर राहतात. संघटनेने आपल्या सदस्यत्वासाठी अशी अट घालणे गैर नाही, मात्र मग ही सभा ‘जगभरातील ज्यूंची संसद’ आहे, असे म्हणू नये.

प्रश्नकर्ता
आभार. पण अमेरिकेतील एखाद्या यादीला दहा जागा जास्त मिळाल्या, तर फरक नेमका कोठे पडतो?

प्रतिसाद १
२०२१ मधील वाद पाहावा. केरेन कायेमेतने वेस्ट बँकेत जमीन खरेदी करावी, असा प्रस्ताव आला, तेव्हा उजव्या गटांनी तो उचलून धरला, तर अमेरिकेतील सुधारणावादी आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या ज्यू धर्मातील उदार पंथांच्या चळवळींनी तीव्र विरोध केला. संचालक मंडळात कोणत्या बाजूचे किती लोक आहेत, यावर अशा प्रस्तावांचे भवितव्य अवलंबून असते. म्हणूनच झायोनिझमपासून दीर्घकाळ दूर राहिलेल्या हरेदी, म्हणजे कट्टर धर्मनिष्ठ ज्यू, समाजातूनही २०२० मध्ये ‘एरेत्झ हाकोदेश’ ही यादी अमेरिकेत उभी राहिली आणि तिने चांगल्या जागा जिंकल्या.