किट डाकेनं विका
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये ज्वेलक्राफ्टिंगचं किट, म्हणजे दागिने घडवण्याचं स्किल वाढवायला लागणाऱ्या जिनसांचा संच, ऑक्शन हाउसमध्ये (लिलावघरात) विकणं परवडत नाही म्हणता, पण परवडणार कसं? तिथे अख्खं किट लिलावाला लावताच येत नाही. जिन्नस सुटे लावायचे, वर विक्रीवर ५ टक्के कट. आम्ही इंदूरची मंडळी ट्रेड चॅटमध्ये (गेममधल्या खरेदी-विक्रीच्या गप्पांत) गिऱ्हाईक गाठतो आणि माल सीओडी मेलनं (गेममधल्या डाकेनं, आधी पैसे मग माल) धाडतो. एका मेलमध्ये १२ जिन्नस मावतात; सोनं (गेममधलं चलन) मोजल्याशिवाय हाती काही पडत नाही. गिऱ्हाइकानं ३ दिवस दाद दिली नाही, तर सगळं परत.

मात्र भिया, सामान मोजून-मापून भरू नका. स्किल वाढेल तसा रेसिपीचा रंग बदलतो; ती पिवळी झाली की दर वेळी स्किल वाढेलच असं नाही, हिरवीचं तर विचारूच नका! नशीब फिरलं की गिऱ्हाईक शेवटच्या पॉइंटांना अडकतं आणि बोल तुम्हाला लागतो. पोह्यांवर शेव टाकताना आपण हात आखडतो का?