हौदाचं झाकण आणि 'धोखा'

ए १०४ वहिनी: नमस्कार. पार्किंगमध्ये हौदाजवळ बोर्ड लावलेला दिसला, आभारी आहे. पण झाकण कधी बसणार? परवा माझ्या मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता. अजून लंगडतोय.

सेक्रेटरी: वहिनी, बोर्ड तात्पुरता आहे. बिडाचं झाकण सांगितलंय 🙏

बी ३०२ मास्तर: बोर्ड वाचला. लाल रंगात 'धोखा' लिहिले आहे. मराठीत तो शब्द 'धोका' आहे. पेंटरला पैसे देण्याआधी कमिटीतल्या एकानेही वाचले नाही का?

चिंटूचे पप्पा: पेंटरनं बरोबर लिहिलंय मास्तर. मेंटेनन्स भरून झाकण मिळेना, याला हिंदीत धोखाच म्हणतात 😂

सेक्रेटरी: ज्यांचे तीन महिने थकलेत त्यांनी तरी विनोद करू नयेत.

चिंटूचे पप्पा: नाव घेऊन बोला.

सेक्रेटरी: मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही.

ए १०४ वहिनी: झाकण कधी बसणार?

बी १०३ भाभी: मास्तर बरोबर बोलतात. गुलबर्ग्याहून बहीण आलीय माझी. बोर्ड वाचून विचारते, इथं कुणी कुणाला फसवलं? आमच्यात याला खतरा म्हणतात.

बी ३०२ मास्तर: तेच सांगतो आहे. हिंदी-उर्दूत धोखा म्हणजे फसवणूक. मराठीत धोका म्हणजे संकटाची शक्यता. धोकादायक इमारत, धोक्याचे वळण, जिवाला धोका. फसवणुकीला आपल्याकडे 'दगा' आहे. हल्लीची मुले 'त्याने धोका दिला' म्हणतात ते हिंदीवरून.

सी ४०२ ज्युनिअर: सर हल्ली नाही, माझे बाबापण म्हणतात. विषय मेंटेनन्सचा असतो 😝

अप्पा (सी १०१): कन्नडमध्ये करा की मग. आमच्या गावाकडं खांबावर सरळ 'अपाय' लिहितात. वाचलं की माणूस लांबनं जातो.

ए ३०१ काकू: अप्पा, मराठीत अपाय म्हणजे औषध उलटतं तो. बोर्ड वाचून बायका विचारतील, हौदाचं पाणी बाधलं का कुणाला?

अण्णा (बी २०४): तेलुगूत 'प्रमादम्' म्हणतात. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यात जुन्या मोटारीवर माझ्या वडलांनी खडूनं लिहिलं होतं, कामगार सगळे आपलेच ना. एकदा मराठी साहेब आला, म्हणला काय प्रमाद झाला? कुणाची चूक? वडील म्हणले चूक नाही ओ साहेब, शॉक बसतो.

बी ३०२ मास्तर: वा अण्णा! संस्कृतात प्रमाद म्हणजे मुळात गाफीलपणा. मराठीने त्यातून चूक घेतली, तेलुगूने पुढचा अपघातच घेतला.

ए १०४ वहिनी: आपल्याकडे तिन्ही आहे सर. गाफील कमिटी, चूक पेंटरची, पाय माझ्या पोराचा. झाकण कधी बसणार?

सेक्रेटरी: वहिनी, मी पगार घेत नाही या कामाचा.

सी ४०२ ज्युनिअर: कवटी काढा खाली दोन हाडं. अन् '४४० व्होल्ट'. भाषेचा प्रश्नच मिटला.

वायरमन काका: घरात २३० असतंय बे. अन् हौदात कुठला आलाय करंट?

सी ४०२ ज्युनिअर: लोकं घाबरायला ओ काका.

ए ३०१ काकू: 'जोखीम' लिहा. आमच्या सासूबाई गड्ड्याच्या यात्रेला निघाल्या की पदर घट्ट खोचून सांगायच्या, अंगावर जोखीम आहे गं, गर्दीत मला मधे घ्या. म्हणजे पाटल्या आणि मोहनमाळ.

चिंटूचे पप्पा: नको काकू. जोखीम वाचून रात्री कोणतरी हौदात उतरंल 😂😂

अप्पा (सी १०१): पंढरपूरला बघा, उजनीतनं पाणी सोडलं की नदीला आधी इशारा पातळी, मग धोका पातळी. आपण इशारा कधी दिलाच नाही. डायरेक पाय आत.

बी ३०२ मास्तर: उत्तम मुद्दा. मग 'सावधान' लिहावे.

सी ४०२ ज्युनिअर: त्याच्या आधी 'शुभमंगल' पण लिहा. पोरं आपोआप पळतील.

चिंटूचे पप्पा: शब्दात काय ठेवलंय? जून २०२३ ला विमानाला अडथळा म्हणून आपल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची अख्खी चिमणी एका मिनिटात खाली आणली. इथं एक झाकण वर बसेना.

डी २०२: चिमणीवर हसू नका. आमचा ऊस त्या कारखान्याला जातो.

चिंटूचे पप्पा: हसलो कुठं? झाकणावर बोललो.

डी २०२: *हा मेसेज डिलीट केला आहे*

अ‍ॅडमिन: राजकारण नको. ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. शुभ रात्री. 🌹

ए १०४ वहिनी: झाकण सोसायटीचंच काम आहे ना? कधी बसणार?

सेक्रेटरी: आठवड्यात.

ए १०४ वहिनी: मागच्या आठवड्यातपण 'आठवड्यात'च होतं.

बी ३०२ मास्तर: तोपर्यंत निदान 'ख' चा 'क' करून घ्यावा. पेंटर शेजारच्या गल्लीतच असतो. दहा मिनिटांचे काम.

सेक्रेटरी: सर, तो म्हणतो 'ख' खोडायचे वेगळे पैसे.

वायरमन काका: पाणी आलं! पाणी आलं! पाच दिवसांनी आलंय, मोटार चालू करालोय. हौदात पाईप सोडायला कोणतरी या.

सी ४०२ ज्युनिअर: आलो.

अण्णा (बी २०४): प्रेशर कसं आहे?

वायरमन काका: बरं आहे.

बी १०३ भाभी: खाली लाईट गेलीय का? अंधार दिसतोय पार्किंगमध्ये.

सेक्रेटरी: ट्यूब गेलीय. सांगितलंय.

ए १०४ वहिनी: पाईप काढल्यावर हौद उघडा ठेवू नका. प्लीज.

सी ४०२ ज्युनिअर: नाही काकू, झाकलाय. फुटकं झाकण काढून बाजूला ठेवलं अन् बोर्डच आडवा टाकला. मापात बसला एकदम.

बी ३०२ मास्तर: अक्षरे वर आहेत की खाली?

सी ४०२ ज्युनिअर: खाली.

बी ३०२ मास्तर: मग राहू द्या.

ए १०४ वहिनी: अरे प्लायवूड आहे ते! अंधारात त्याच्यावर कुणी पाय देऊ नका. खाली पाणी भरतंय. झाकण कधी बसणार?