भाच्याने दोन वर्षांचा खोटा अनुभव दाखवून आयटीत शिरावं का?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. भाचा उदगीरचा, २०२३ ला बीएस्सी कॉम्प्युटर झाला. पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहून जावा फुल स्टॅकचा क्लास केला, ४५ हजार भरले. बोर्डावर '१०० टक्के प्लेसमेंट' लिहिलं होतं. आठ महिन्यांत दोन मुलाखती आल्या, त्याही रूममेटच्या ओळखीने.

आता एकजण म्हणायलाय, ८० हजार द्या, दोन वर्षांचं एक्सपीरियन्स लेटर, पगाराच्या स्लिपा, रिलिव्हिंग लेटर सगळं करून देतो. पीएफसुद्धा भरलेला दिसेल म्हणे. रूमवरच्या चौघांपैकी दोघं असेच चिकटलेत, एक खराडीला, एक हिंजवडीला. बहीण दागिना मोडायला निघाली आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, पोरांना 'कॉपी करू नका' सांगण्यात २२ वर्षं गेली, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं. पण नुसतं 'नको' म्हणून लेकराचं पोट भरत नाही. या धंद्यातल्यांनी बोला.

बेंचवरचा
मास्तर, राग मानू नका, पण दाखवावा. जाहिराती बघा जरा: 'ज्युनिअर डेव्हलपर, अनुभव २ ते ३ वर्षे'. ज्युनिअरने दोन वर्षं आणायची कुठून? बड्या कंपन्या कॅम्पसला इंजिनिअरिंग कॉलेजांत जातात. तिथेही दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के पाहिजेत, वर गॅप नको. एवढं करून टीसीएसचं निंजाचं, म्हणजे नवख्यांच्या भरतीचं, पॅकेज वर्षाला ३.३६ लाख, आणि ते वर्षानुवर्षं तिथंच बसलंय. खोटं आधी जाहिरातीत असतं, मग रेझ्युमेत येतं. मी स्वतः दीड वर्ष वाढवून लागलो. पहिले सहा महिने रात्री दोनपर्यंत जागून काम शिकलो, आज सात जणांची टीम सांभाळतो. कोणाचं काय नुकसान झालं?

सेमीकोलन
माझं झालं. मी महिन्याला दहा-बारा मुलाखती घेतो. हॅशमॅप (जावातली माहिती जोड्यांनी साठवायची रचना) आतून कसा चालतो विचारलं की पोरगं घडाघडा म्हणतं: जावा ८ पासून एका बकेटमध्ये ८ च्या वर नोंदी गेल्या की लिंक्ड लिस्टचं झाड होतं. अगदी पाढे म्हटल्यासारखं. मग मी साधं विचारतो, 'तुमच्या प्रोजेक्टला रात्री काही बंद पडलं तर आधी कुठे बघायचात?' आणि खोलीत शांतता. दोन वर्षं खरंच घासलेला माणूस या प्रश्नाला हसतो आणि शिव्या घालत सुरू होतो, अमुक सर्व्हरवरचा लॉग (काय घडलं त्याची नोंद), तमुक साहेबाचा फोन. ते क्लासच्या नोट्समध्ये नसतं.

एकदा असाच एक सुटून आत आला. तीन महिने त्याचा कोड शेजारची मुलगी लिहीत होती. अप्रेझल त्याचं झालं.

शुभांगी_सातारा
पीएफचं मी सांगते, एचआरमध्ये आहे. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, टाकला की आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा समोर येतात. मागल्या तारखेने भरलेलं लपत नाही, कारण पासबुकात पगाराचा महिना वेगळा आणि पैसे जमा झाल्याची तारीख वेगळी. दोन वर्षांचे हप्ते एकाच आठवड्यात जमा झालेले दिसले की विचारायला काही उरतच नाही. आमच्याकडे एका कागदी कंपनीचं नाव यादीत आलं, तेव्हा तिथून 'आलेली' सगळी पोरं एका दुपारी घरी गेली. त्यातली दोन खरोखर चांगलं काम करत होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

दादा, सपोर्टमधून शिरू द्या त्याला. माझा नवरा १४ हजारांवर नाइट शिफ्टला लागला होता. तिकिटं, म्हणजे आलेल्या तक्रारी, बंद करायची, डेटाबेसवर एसक्यूएल चालवायचं, लॉग वाचायचे. दोन वर्षांनी त्याच प्रोजेक्टवर डेव्हलपर झाला.

बेंचवरचा
ताई, कोणत्या साली?

शुभांगी_सातारा
२०१४.

बेंचवरचा
तेच म्हणतो. चॅटजीपीटी आलं २०२२ च्या नोव्हेंबरात. तुमच्या मिस्टरांनी जी पायरी चढली, तीच आता उखडायला घेतली आहे. लॉग वाचणं, छोटी दुरुस्ती, हीच नवख्याची कामं होती ना?

खवचट काका
खोटा अनुभव हा तुमच्या पिढीचा शोध आहे असं समजू नका. १९९८-९९ ला वायटूकेच्या (२००० साल लागताना कॉम्प्युटरच्या तारखा चुकतील या भीतीच्या) घाईत कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेचं पुस्तक जेमतेम उघडलेले लोक 'अनुभवी' होऊन विमानात बसले. २००१ ला बाजार आपटला आणि त्यातले कितीतरी परत आले. काही टिकले, नाकारत नाही. टिकले ते शिकले म्हणून, कागदामुळे नव्हे. बाकी ८० हजारांत चांगला लॅपटॉप येतो हो मास्तर.

मांजराकाठ
सेमीकोलनसाहेब, तुमचा प्रश्न थोडा बदलून काल भाच्याला फोनवर विचारला, 'तुला शेवटचं कशानं रडवलं?' आधी गप्प होता. मग म्हणाला, तुमचा तांदूळच की मामा.

गेल्या वर्षी त्याने माझ्या शाळेसाठी पोषण आहाराच्या नोंदवहीचं ॲप केलं होतं. पहिली ते पाचवीला पोरामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. एकेका पोराचे ०.१ किलो मिळवत गेला तर दहा पोरांचा एक किलो यायला पाहिजे, येत होता ०.९९९९ असं शेपूट, कारण कॉम्प्युटर ०.१ नेमका धरत नाही. दोन रात्री डोकं धरून बसला. शेवटी किलो सोडून सगळा हिशोब ग्रॅममध्ये, पूर्णांकात केला. ॲप आजही चालू आहे. रेझ्युमेत का नाही लिहिलंस म्हटलं, तर म्हणे क्लासवाल्यांनी बँकिंगचा प्रोजेक्ट घालायला सांगितला, सगळ्यांना तोच.

सेमीकोलन
बँकिंग काढा, तांदूळ घाला. आणि रेझ्युमे मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. नोकरीचा शब्द देत नाही, मुलाखत देतो.

बेंचवरचा
म्हणजे शेवटी वशिलाच.

सेमीकोलन
मुलाखतीपुरता, हो.

मांजराकाठ
पाठवतो. दागिना सध्या राहू दे म्हणून बहिणीला कळवलं. भाचा मात्र फुगलाय. त्या माणसाची मुदत सोमवारपर्यंत होती म्हणे.