शेहेचाळिसाव्या वर्षी सायकलने कार्यालयात : कर्वेनगर ते शिवाजीनगर

कर्वेनगरकर :
मी पुण्यात कर्वेनगरला राहते आणि माझे कार्यालय शिवाजीनगरला, जिल्हा न्यायालयाच्या अलीकडे आहे. अंतर सहा-सात किलोमीटर भरते. महाविद्यालयात मी सायकलनेच जात असे, परंतु नोकरी लागल्यावर स्कूटर घेतली आणि सायकल सुटली ती सुटलीच. आता वय शेहेचाळीस आहे, काम दिवसभर बसून करण्याचे आहे आणि जिना चढताना गुडघे कुरकुर करतात. पुन्हा सायकल घ्यावी असे मनात आहे. मात्र सकाळच्या वेळी कर्वे रस्त्यावरून जाण्याचे धाडस होत नाही. दुसरा सोयीचा रस्ता आहे का, आणि या वयात कोणत्या प्रकारची सायकल घ्यावी? कार्यालयात मी पंजाबी ड्रेस घालते, त्यामुळे ओढणी आणि घाम हे दोन प्रश्नही आहेतच.

गल्लीबोळ :
स्कूटरचा रस्ता हाच सायकलचा रस्ता, असे आपण नकळत धरून चालतो, आणि निम्मी भीती तिथूनच येते. आपल्याला कर्वे रस्ता जवळजवळ पूर्ण टाळता येईल. राजाराम पुलाकडून म्हात्रे पुलाकडे येणारा डीपी रस्ता धरावा, नळ स्टॉपला कर्वे रस्ता केवळ ओलांडावा, विधी महाविद्यालयाच्या रस्त्याने थोडे पुढे जाऊन उजवीकडे प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमध्ये शिरावे आणि त्या सावलीतून भांडारकर रस्ता गाठून गुडलक चौकात निघावे. तिथून फर्ग्युसन रस्ता ज्ञानेश्वर पादुका चौकाच्या दिशेने एकेरी असल्याने समोरून वाहने येत नाहीत. परतताना मात्र हा मार्ग उलटा करता येणार नाही, कारण डेक्कनकडे येणारा एकेरी रस्ता जंगली महाराजांचा आहे. त्यामुळे संध्याकाळचा मार्ग स्वतंत्रपणे पाहून ठेवावा. लग्नसराईत संध्याकाळी डीपी रस्त्यावरच्या लॉन्सबाहेर वराती आणि गाड्या यांची अशी काही दाटी होते की त्या दिवसांत पटवर्धन बागेच्या बाजूने आतून गेलेले बरे.

पहिली फेरी रविवारी सकाळी, कार्यालयात जायचे नसताना मारावी, म्हणजे कोणत्या चौकात कोणती लेन धरायची हे घाई नसताना कळते. उभ्या मोटारींच्या रांगेपासून हातभर नव्हे, चांगले मीटरभर अंतर ठेवावे. पुण्यात मागून येणाऱ्या वाहनाची भीती सगळ्यांना असते, पण अचानक उघडणारे दार अधिक वेळा नडते. कडेला फार चिकटून चालवले तर मागचे वाहन आहे त्याच लेनमधून घासून पुढे जाऊ पाहते.

पायडल :
रस्त्याविषयी वर चांगले सांगितले आहे, म्हणून मी फक्त सायकलीविषयी लिहितो. जाड टायरची आणि पुढे-मागे शॉकअप असलेली सायकल दुकानात आकर्षक दिसते, परंतु डांबरी रस्त्यावर ती जड पडते आणि दर पायडलाची काही ताकद स्प्रिंगमध्येच जाते. आपल्यासाठी खाली वाकलेल्या दांडीची, मध्यम टायरची, मागे सहा-सात गिअर असलेली साधी सायकल पुरेशी आहे; मडगार्ड, कॅरिअर आणि पूर्ण चेनकव्हर मात्र आग्रहाने बसवून घ्यावे. ओढणीचा प्रश्न चेनकव्हरने निम्माच सुटतो, कारण मागच्या चाकाच्या आऱ्यांत ती अडकू शकतेच; ती पिशवीत ठेवून कार्यालयात घेतलेली उत्तम.

गुडघ्यांच्या बाबतीत सीटची उंची हाच कळीचा मुद्दा आहे. पाय जमिनीला सहज टेकावा म्हणून बहुतेक जण सीट खाली ठेवतात, आणि मग प्रत्येक फेऱ्यात गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडून पुढच्या बाजूने दुखू लागतो. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हलका बाक आपोआप राहतो. चढावर जड गिअर रेटू नये, हलका गिअर घेऊन पाय भराभर फिरवावेत. दुखणे जुने असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, हे ओघाने आलेच.

जरा_थांबा :
उत्साहावर पाणी टाकण्याचा हेतू नाही, तथापि सायकल ट्रॅकच्या भरवशावर कोणी निघू नये. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, परंतु ट्रॅक जिथे आहेत तिथेही ते मध्येच संपतात, किंवा त्यांवर दुचाक्या उभ्या असतात. पावसाळ्यात तर ओले पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजची लोखंडी झाकणे आणि झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंग यांवर वळताना चाक सरकते. रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की उशिरा लागतात, हेही ध्यानात असावे. मी स्वतः मुसळधार पावसात सायकल काढत नाही आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

कर्वेनगरकर :
सर्वांचे आभार. डीपी रस्त्याचा पर्याय मला सुचलाच नव्हता. घामाचे काय करावे, हे मात्र कोणी सांगितले नाही. आणि सकाळी कोरडे असून संध्याकाळी पाऊस कोसळू लागला, तर सायकल तिथेच ठेवून यावे का?

गल्लीबोळ :
खुशाल ठेवावी, फक्त चाकाबरोबर दांडीही कुलपात यायला हवी. जिल्हा न्यायालय स्थानकातून वनाजच्या मेट्रोने नळ स्टॉपला उतरावे आणि पुढे रिक्षा करावी. दुसऱ्या दिवशी याच्या उलट. घामाचे म्हणाल, तर तो बहुधा सायकलीमुळे कमी आणि उशीर झाल्यामुळे जास्त येतो. पाऊण तास हाताशी ठेवून निघावे, शेवटचा टप्पा अगदी संथ चालवावा आणि लॅपटॉपची पिशवी पाठीवर न घेता कॅरिअरला बांधावी, म्हणजे पाठ कोरडी राहते. कार्यालयाच्या कपाटात एक पंचा आणि एक जादा कुर्ता असू द्यावा.