व्हॅल्प्रोएट लिहून देताना मुलीला धोका सांगायचा की नाही?

तासगावची आई:
माझी लेक २२ वर्षांची. आकडीसाठी आठ वर्षं सोडियम व्हॅल्प्रोएट घेते. वजन वाढलं, केस गळाले, सगळं सोसलं. चार वर्षांत फिट नाही. आता स्थळं बघतोय म्हणून मिरजेत नव्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, ही गोळी चालू असताना दिवस राहिले तर १० पैकी एका बाळात जन्मजात व्यंग असतं आणि १०० पैकी ३० ते ४० मुलं बोलण्या-शिकण्यात मागे पडू शकतात. मणक्याचं व्यंग तर गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांतच होऊन जातं, तोवर पुष्कळदा दिवस राहिल्याचंही कळत नाही. आठ वर्षांत एकानंही हे सांगू नये? पहिल्या चिठ्ठीलाच सांगायला पाहिजे होतं.

विट्याचा भाऊ:
ताई, राग कळतो. पण हे असं चारचौघांत लिहू नका. माझ्या धाकट्या भावानं असंच कुठंतरी वाचून गोळ्या एकदम बंद केल्या. पाचव्या दिवशी द्राक्षबागेत औषध मारताना पडला, फिट थांबेचना. लोक नाकाशी कांदा धरून बसले, कुणी चप्पल हुंगवली. दवाखाना गाठेपर्यंत पाऊण तास गेला. वाचला, एवढंच. तुमचे आकडे वाचून उद्या एखादी पोर गोळी टाकून देईल, त्याचं काय?

मेडिकलवाली, मिरज:
दादा, न सांगितल्यानं गोळी सुरक्षित होत नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून गर्भनिरोधनाची पक्की सोय असल्याशिवाय मूल होण्याच्या वयातल्या बाईला ही गोळी देत नाहीत. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम या आकडीच्या दुसऱ्या गोळ्या, त्यांत बाळाला धोका बराच कमी. पण बदल डॉक्टरच करणार, आणि सावकाश. लॅमोट्रिजिन घाईनं वाढवलं तर अंगावर जिवावर बेतणारं पुरळ उठू शकतं. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर आणखी जपून.

विट्याचा भाऊ:
आणि काहींची फिट व्हॅल्प्रोएटशिवाय आवरतच नाही. त्यांनी काय करायचं?

तासगावची आई:
त्यांनाही कळू दे ना, भाऊ. मग ठरवतील त्या. तुमच्या भावाचं वाचून मात्र आधी उठले आणि रात्रीची गोळी दिली का ते बघितलं. दिली होती. गुरुवारी परत मिरजेला जातोय. या खेपेला खोलीत लेक एकटी बसणार, मी बाहेर थांबणार.